चिकुनगुन्या : प्रतिकार व सांधेदाह
एडिस डासांमार्फत पसरणाऱ्या, आल्फाव्हायरस गटातील विषाणूमुळे होणारा ज्वर. १९५२ मध्ये टांझानियात (तेव्हाचे टांगानिका) त्याची प्रथम नोंद झाली. महाराष्ट्रात १९७३ मध्ये बार्शी येथे मोठी साथ आली. डासाच्या दंशानंतर विषाणू त्वचेतील पेशींत वाढतो, मग रक्तावाटे स्नायू व सांध्यांत पोहोचतो. संसर्ग झालेल्या पेशी इंटरफेरॉन स्रवतात आणि विषाणूची वाढ रोखू लागतात. याच धुमश्चक्रीत ताप चढतो. साधारण पाचव्या दिवसापासून आयजीएम प्रतिपिंडे रक्तात आढळतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेली प्रतिपिंड-चाचणी नकारार्थी आली तरी तिच्यावर विसंबू नये.

खरा त्रास पुढे असतो. सांध्याच्या अस्तरात मोनोसाइट व महाभक्षी पेशी गोळा होतात, इंटरल्यूकिन-६ सारखी दाहजनक द्रव्ये स्रवतात, आणि रक्तातून विषाणू नाहीसा झाल्यावरही मनगटे, घोटे व बोटांची पेरे सुजलेली राहतात. सकाळी मूठ वळत नाही. काहींना हे दुखणे महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे पुरते; म्हणजे येथे विषाणूइतकाच शरीराचा प्रतिसादही दोषी ठरतो. डेंग्यू नसल्याची खात्री होईपर्यंत, रक्तस्रावाच्या धोक्यामुळे, ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेन देत नाहीत.