दिमोना लांब, कसारा जवळ



कसारा ते मुंबई सीएसएमटी हे रेल्वेचे अंतर १२१ किलोमीटर आहे. बेरशेबा ते तेल अवीव सुमारे ११० किलोमीटर. कसाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून रोज मुंबईत कामाला जाणारी माणसे आहेत आणि त्यांना कोणी शूर म्हणत नाही. बेरशेबाहून रोज तेल अवीवला जाणाऱ्याकडे मात्र इस्राएलात थोड्या कौतुकाने आणि थोड्या दयेने पाहतात. दिमोना तर बेरशेबाच्याही पुढे पस्तीस किलोमीटर. तेल अवीवच्या माणसाला ते जवळजवळ परदेशच. आपल्यापैकी ज्यांनी मुंबईत नोकऱ्या केल्या आणि मग आलिया करून नेगेवमध्ये संसार मांडला, त्यांना या गोष्टीचे सुरुवातीला हसू येई. पुढे येईनासे झाले. असे का झाले, ते पाहण्यासाठी जरा मागे जावे लागेल.

आपल्या आडनावांतच प्रवास आहे. पेणकर, रोहेकर, केहीमकर, आवासकर, झिराडकर, दिवेकर. माणूस कोठून निघाला ते या नावांवरून कळते, कोठे पोचला ते कळत नाही. कुलाबा जिल्ह्यात आपली घरे गावोगाव विखुरलेली होती. कोणाचा तेलाचा घाणा, कोणाची थोडी शेती. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी आपल्याला ‘शनिवार तेली’ म्हणत. अशा पांगलेल्या समाजाला एकत्र धरून ठेवले ते काजींनी. दाविद राहाबीने शिकवलेल्या झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांकडे ते काम आले, अशी आपली परंपरा सांगते. सुंता असो, लग्न असो की भाऊबंदकीचा तंटा, काजी पायपीट करत दारात येत. पुढे रेवदंड्याला १८४२ मध्ये, अलिबागला १८४८ मध्ये आणि पनवेलला १८४९ मध्ये सिनॅगॉग उभे राहिले, तेव्हा प्रवासाची दिशा फिरली. दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरला, आसपासच्या खेड्यांतली कुटुंबे आदल्या दिवशीच तिथे मुक्कामाला येत. दोन-तीन कोस चालणे याला कोणी प्रवास म्हणत नसे.

मुंबईचे मात्र तसे नव्हते. रेवसहून भाऊचा धक्का सरळ रेषेत वीस किलोमीटरही नाही, पण मध्ये समुद्र. शिडाच्या मचव्याला भरती-ओहोटी सांभाळावी लागे आणि वारा पडला की बसून राहावे लागे. पावसाळ्यात तर नारळी पौर्णिमेपर्यंत शिडाच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असत. आगबोटी आल्या आणि हे अंतर दीड-दोन तासांवर आले, तरी धास्ती गेली नाही. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसे गेली. तो दिवस अलिबाग तालुक्यातली घरे अनेक वर्षे विसरली नाहीत. मुंबई लांब की जवळ हे तिथे मैलांवर ठरत नसे. त्या दिवशी आभाळ कसे आहे, यावर ठरे.

रेल्वेने मुंबईकराची अंतराची कल्पनाच बदलली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली. त्याआधी मुंबईतले आपले जग पायी फिरण्याएवढे होते. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवीला बांधलेले सिनॅगॉग आणि त्याच्या भोवतीचा इस्राएल मोहल्ला, बस्स. मशीद बंदर स्टेशनाचे नाव याच ‘जुन्या मशिदी’वरून पडले, असे आपल्यात मानतात. लोकल आल्यावर कारकुनी, पोस्ट, रेल्वे, सरकारी खाती अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्याला घर दूर घेता येऊ लागले. ठाण्यात १८७९ मध्ये शआर हश्शामाईम सिनॅगॉग झाले, त्यावरून तिथे आपली वस्ती किती वाढली होती याचा अंदाज येतो. ठाण्यात घर, फोर्टात ऑफिस. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. आपल्या दोन-तीन पिढ्या अशा गेल्या.

सेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये असे मांडले की कोणत्याही काळात, कोणत्याही देशात माणूस दिवसाचा सरासरी एकच तास प्रवासाला देतो. वाहन वेगवान झाले की तो दूर राहायला जातो, तास तेवढाच राहतो. ठाण्याच्या आपल्या आजोबांनी हा नियम रोज मोडला. कसारा आणि विरारच्या लोकांनी तर त्याची पार वाट लावली. १९३० पासून धावणाऱ्या दख्खनच्या राणीतून पुणे-मुंबई हे १९२ किलोमीटर पासावर रोज करणारेही आहेत. हे त्यांना जमते कसे? एक तर पास स्वस्त. दुसरे, मुंबईत मोठे घर परवडणे अशक्य, त्यामुळे दुसरा इलाज नाही. पण आम्हाला वाटते, खरी गोष्ट निराळी आहे. लोकलमध्ये माणूस एकटा नसतो. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, तीन जणांच्या बाकावर सरकून दिलेली चौथी सीट, भजनी मंडळ, पत्त्यांचा डाव, बायकांच्या डब्यात भाजी निवडणे, एखादीच्या डोहाळजेवणाचे पेढे. त्रास आहेच, लोंबकळून जाणाऱ्यांचे जीवही जातात, त्याचे गोडवे गाऊ नयेत. पण तो तास घरच्या आणि ऑफिसच्या खात्यात न धरता माणसे तिसऱ्याच खात्यात धरतात.

मोटार चालवणाऱ्याला हे तिसरे खाते नाही. तो एकटा, हात स्टिअरिंगवर, समोर लाल दिव्यांची रांग. म्हणून मोटारींचे देश अंतराबद्दल जास्त कुरकुरतात असे आमचे मत आहे. अमेरिकेतले आपले वाचक म्हणतील की आम्ही तर लग्नकार्याला पाच-सहा तास गाडी हाकतो. खरे आहे, पण ते वर्षातून काही वेळा. रोजच्या कामाला जाण्याचा तिथला सरासरी वेळ २०१९ च्या सरकारी आकडेवारीत एका बाजूने साडेसत्तावीस मिनिटांच्या आसपास होता. ठाण्याच्या माणसाने तो ऐकून ‘अरे वा’ म्हणावे.

आता इस्राएल. देश उत्तर-दक्षिण साधारण सव्वाचारशे किलोमीटर लांब आणि अरुंद जागी जेमतेम पंधरा किलोमीटर रुंद. मुंबईच्या माणसाला वाटावे, इथे लांब असे काही असूच शकत नाही. पण देश जितका लहान तितके त्याचे किलोमीटर मोठे होतात. शिवाय आपण तिथे कोठे राहायचे हे आपण ठरवलेच नव्हते. लोकसंख्या देशभर पांगवायची हे नव्या सरकारचे धोरण होते. त्याप्रमाणे आपली माणसे बेरशेबा, येरुहाम, दिमोना, किर्यात गात, अश्दोद, लोद, रामला अशा ठिकाणी गेली. ठाण्याला माणूस परवडते म्हणून स्वतःहून गेला होता. दिमोनाला त्याला नेऊन सोडले. दोन्ही जागा शहरापासून लांबच, पण या दोन लांबींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दिमोना १९५५ मध्ये वसले ते मुख्यतः मृत समुद्राच्या कारखान्यांतील कामगारांसाठी. गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, आणि काम समुद्रसपाटीच्या चारशे मीटर खाली. म्हणजे कामगार बसने रोज एक किलोमीटर खाली उतरायचा आणि संध्याकाळी तेवढाच वर चढायचा, ओसाड डोंगरातल्या वळणांवरून. पुढे गावात कापड गिरण्या आल्या आणि ज्यांना तिथे काम मिळाले त्यांचे उतरणे टळले. पण कारखान्याची बस दारात येणार आणि दारात सोडणार, ही सवय टिकली. तेल अवीवकडे तोंड करून रोज निघण्याची सवय या गावाला लागलीच नाही. बेरशेबा-दिमोना प्रवासी रेल्वे सुरू झाली ती २००५ मध्ये, गाव पन्नाशीला आल्यावर. तोवर ज्यांना जायचे होते ती मुले कायमची गेली होती.

गरज पडली तेव्हा हीच माणसे अंतर विसरली, हेही नोंदले पाहिजे. आपल्या यहुदीपणावर आणि लग्नसंबंधांवर शंका घेणारे नियम रब्बींच्या कार्यालयाने काढले, तेव्हा १९६४ च्या उन्हाळ्यात देशाच्या कानाकोपऱ्यांतून आपले लोक यरुशलेममध्ये धरणे धरायला गेले. म्हातारी माणसे, कडेवर मुले असलेल्या बायका. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी असल्याचे जाहीर केले. यरुशलेम लांब पडते असे तेव्हा कोणी म्हटले नाही.

मग आज काय अडते? आमच्या समजुतीप्रमाणे शुक्रवार. मुंबईत मावशी मुलुंडला आणि मामा पनवेलला असला तर भेट लग्नात, मलिद्याला, सणाला होई, आणि त्यात कोणाला राग नसे. इस्राएलात कुटुंब दर शुक्रवारी रात्री एका टेबलाशी बसते. आठवड्याला नाही आलास तर तू लांब आहेस, एवढा सरळ हिशेब. आणि शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक ठिकाणी बस आणि रेल्वे बंद होतात, त्या शनिवारी रात्री सुरू होतात. म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही, त्याच्यासाठी दिमोना दोन तासांवर नसून एका मुक्कामावर आहे. लहान मुले, गाद्या, औषधे घेऊन जायचे आणि शनिवारी रात्री उशिरा परतायचे, रविवारी सकाळी पुन्हा कामावर. मिनिटांत रस्ता सांगणारे वेझ हे अॅप याच देशात जन्मले, पण हा हिशेब त्याला येत नाही.

याची किंमत दिमोनाचे, येरुहामचे म्हातारे मोजतात. मुले पेताह तिकवा, रिशोन लेझियोनकडे. सणाला सगळे येतात, घरात पाय ठेवायला जागा नसते, आणि मधल्या शब्बाथांना काही ठिकाणी दहावा पुरुष मिळेपर्यंत नऊ जण थांबून राहतात. मिन्यान झाल्याशिवाय कद्दीश म्हणता येत नाही. ज्या समाजात एकेकाळी काजी गावोगाव चालत जात, त्या समाजाला दहावा माणूस दोन तासांच्या डांबरी रस्त्यावरून आणता येऊ नये, हे आम्हाला पटत नाही. काही कुटुंबांनी आळीपाळी लावली आहे: या आठवड्याला थोरला भाऊ, पुढच्या आठवड्याला धाकटा, आणि वडिलांच्या वर्षश्राद्धाला कोणी कारण सांगायचे नाही. काहींनी मलिदा शब्बाथऐवजी आठवड्यातल्या संध्याकाळी ठेवायला सुरुवात केली, म्हणजे रात्री परत जायला बस मिळते.

गंमत अशी की ज्यांना हैफाहून दिमोनाचे अडीचशे किलोमीटरही जड जातात, तीच मंडळी चार हजार किलोमीटर उडून मुंबईला उतरतात, भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोटीत गाडी चढवून तासाभरात मांडव्याला पोचतात आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नावीच्या ताप्याशी उभी राहतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. जरूर जा. फक्त जाण्याआधी एखादा शब्बाथ दिमोनाच्या मावशीकडे काढा. आणि शुक्रवारी बस पकडणार असाल तर सकाळचीच पकडा.