अर्धशिशीच्या औषधाची कथा

अर्धशिशी हा शब्द आपल्या घरोघर ठाऊक आहे. ज्याला ती जडते त्याला अंमळ अधिकच. माझ्या मातोश्रींना तिचा उपद्रव असे. खिडक्या लावून, कपाळाला सुंठीचा लेप देऊन त्या दिवसभर पडून राहात, आणि आम्हां मुलांना दबल्या पावलांनीं वावरावें लागे. सुश्रुतानें शिरोरोगांत ‘अर्धावभेदक’ म्हणून हिची गणना केली आहे. तेव्हां दुखणें पुरातन. तिच्यासाठींच मुद्दाम घडविलेलें औषध मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस हातीं आलें.

१९४८ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें रॅपोर्ट, ग्रीन व पेज ह्या तिघांनीं, रक्त गोठल्यावर जो पिवळसर रस सुटतो त्यांतून, रक्तवाहिन्या आंखडविणारें एक द्रव्य शुद्ध रूपांत वेगळें केलें आणि त्यास सेरोटोनिन असें नांव दिलें. इटालींत एर्स्पामेर ह्या संशोधकास आंतड्यांत सांपडलेलें द्रव्य तेंच, हें १९५२ सालीं ठरलें. पुढें १९६० च्या सुमारास अर्धशिशीच्या रोग्यांच्या शिरेंत तें टोंचून पाहण्यांत आलें, तों वेदना शमली! १९६७ मध्यें सिडनीच्या वैद्यांस असेंहि दिसलें कीं, दुखणें उठतें तेव्हां रक्तांतील सेरोटोनिन उतरतें. मग औषध सांपडलेंच म्हणावयाचें? छे! ओकारी, धाप, घेरी असे नाना उपद्रव पाठोपाठ आले. डोकें सोडवावें तों पोट धरावें लागे.

ह्याचें कारण असें. एकच किल्ली शरीरांतील अनेक कुलुपांना लागत होती. शास्त्रज्ञ ह्या कुलुपांना ग्राही म्हणतात. १९५७ सालीं एडिंबरो येथें गॅडम व पिकारेली ह्यांनीं गिनीपिगच्या आंतड्याच्या तुकड्यावर प्रयोग करून सेरोटोनिनचे ग्राही एकाच जातीचे नाहींत, निदान दोन जातींचे आहेत, असें दाखविलें. आज त्यांच्या चौदांच्या आसपास जाती मोजल्या जातात.

इंग्लंडांत वेअर गांवीं ग्लॅक्सो कंपनीच्या प्रयोगशाळेंत पॅट्रिक हंफ्री ह्यांनीं १९७२ च्या सुमारास हाच धागा उचलला. त्यांचा हेतु सरळ होता: डोक्यांतील फुगलेल्या वाहिन्या तेवढ्या आंखडाव्या, बाकी शरीर शांत राहावें. कुत्र्याच्या पायांतील एक शीर त्यांना उपयोगी पडली. ती सेरोटोनिननें आंखडे, पण ज्ञात औषधांनीं तिचें कुलूप अडविलें जाईना. म्हणजे तेथें निराळ्याच जातीचा ग्राही होता. त्यालाच लागेल अशी किल्ली घडविण्यांत वर्षांमागून वर्षें गेलीं. एका द्रव्यानें रोग्यांस गुण आला, परंतु तें तोंडावाटें घेण्याजोगें नव्हतें. मग दुसरें घडविलें. त्याला नांव नव्हतें, केवळ क्रमांक होता: जीआर ४३१७५. मला ही चिकाटी फार मोलाची वाटते; आमच्या वर्गांत गणित दुसऱ्यांदा चुकलें कीं मुलें पाटी पुसून बसत!

१९८८ सालीं रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध झाला, आणि १९९१ मध्यें सुमाट्रिप्टान ह्या नांवानें तें द्रव्य बाजारांत आलें. असंख्य लोकांना अंधाऱ्या खोलींतून त्यानें बाहेर काढलें.

तथापि त्याच जातीचीं कांहीं कुलुपें हृदयाच्या वाहिन्यांतहि असतात. त्यामुळें हृदयविकार असलेल्या रोग्यास हें औषध देतां येत नाहीं. दुखण्याचा इलाज समोर असून त्याला मुकावें लागे. शिवाय वाहिन्या फुगणें हेंच मूळ कारण काय, अशी शंका मॉस्कोविट्झ प्रभृतींनीं काढली. त्यांचा रोख वाहिन्यांभोंवतालच्या मज्जातंतूंवर होता. म्हणून वाहिन्यांना न शिवतां केवळ तंतूंवरील ‘एक-एफ’ नामक ग्राहीवर लागणारें लास्मिडिटान हें द्रव्य प्रयोगार्थ पुढें आलें, आणि २०१९ सालीं अमेरिकन सरकारनें त्यास अनुमति दिली. त्यालाहि खोड आहेच: झोंप व घेरी येते, म्हणून गोळी घेतल्यावर आठ तास मोटार हांकूं नये अशी ताकीद आहे. माझ्या मातोश्रींना ती अट मुळींच जाचली नसती.