गाईच्या आडून

संक्रांतीच्या पतंगाला लागणारी कामटी आणि सातपुड्यातल्या भिल्लाच्या खांद्यावरचा कमठा एकाच कुळातले. संस्कृतात 'कमठ' म्हणजे कासव, तसाच बांबूही. त्या बांबूवरून कामटी आली, कमठा आला आणि त्याला तीर जोडला तेव्हा तिरकमठा झाला. भिल्लांच्या धनुष्याची दोरीसुद्धा पुष्कळदा बांबूचीच, पातळ सोलून घासून घेतलेली. धनुष्य नि दोरी एकाच बेटातली.

तरी हरणाच्या शिकारीत कमठ्याचा क्रम दुसरा. बांबूच्या धनुष्याचा पल्ला तो केवढा! हरणाच्या जवळ पोचायचं कसं, हा पहिला प्रश्न. बुलडाणा जिल्ह्यात त्याची उत्तरं दोन, कारण जमीनच दोन तऱ्हेची.

उत्तरेला जळगाव जामोद, संग्रामपूरच्या अंगाला सातपुडा. भिल्ल आणि कोरकूंचा हा मुलूख. इथे आडोसा जंगलच देतं. वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे आपला वास मागे जातो. वाळल्या पाचोळ्यावर पाय टाकायचा नाही, नाल्याच्या वाळूवरून जायचं. नाहीतर पाणवठ्याजवळ दबा धरून बसायचं आणि चितळालाच जवळ येऊ द्यायचं.

डोंगर उतरून पूर्णेच्या पायनघाटात आलं की हे सगळं ज्ञान वाया. काळी सपाट जमीन, गवताळ माळ, झाड औषधालाही नाही. काळविटाची नजर लांबची आणि पाय वाऱ्याचे. माणूस उभा दिसला की कळप पसार.

फासेपारध्यांनी इथे गाय पुढे केली. माळावर गुरं रोजच चरतात, हरीण त्यांना बिचकत नाही. शिकवलेली गाय चरत चरत, तिरकी तिरकी, कळपाकडे सरके. पारधी तिच्या पलीकडच्या अंगाला, वाकून, तिच्या पावलात पाऊल टाकत. गाय थांबली की तोही थांबे. पुरेसं जवळ गेल्यावर कळपाच्या वाटेत फास मांडायचे: एका लांब दोरीला ओळीने बांधलेले, मेखांनी जमिनीला धरलेले. मग गाईसकट वळसा घालून पलीकडून कळप हलवायचा. पळत्या हरणाचा पाय फासात. धनुष्य नाही, आवाज नाही. संस्कृतातल्या 'पाशा'चा मराठीत 'फास' झाला आणि त्या फासावरून एका जमातीचं नावच पडलं.

ही युक्ती एकट्या वऱ्हाडची नव्हे. युरोपातले पाखरं मारणारे शिकारी घोड्याच्या आडून जात. त्या घोड्याचं नाव इंग्रजी राजकारणात अजून चालतं: एकाला पुढे करून दुसऱ्याने डाव साधायचा. आपण त्याच कामाला दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो.

'पारध' शब्दाची कथा जरा टोचणारी आहे. कोशात त्याचं मूळ 'पापर्द्धि' दिलेलं सापडतं. पाप अधिक ऋद्धि, म्हणजे पापाची भरभराट. पारधी हे नाव त्यावरूनच. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि पुढे पारध्यांच्या कपाळी तोही शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का मात्र गावोगाव रेंगाळला. आणि याच फासेपारध्यांविषयी पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांनी लिहून ठेवलंय की फासात गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर ते सोडून देण्याची त्यांची रीत होती. उद्याचं हरीण आज मारायचं नाही, एवढा साधा हिशेब.

माळ नांगराखाली गेले, बंदुका आणि जीप आल्या, हरणं आटली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्तीने काळवीट, चितळ, सांबर यांची शिकार बंद झाली. ते योग्यच झालं. तिरकमठ्यालाही त्यातून सूट नाही. पण फासेपारध्याचं पोटच त्या विद्येवर होतं. शेजारच्या अकोला-वाशीम भागात काही फासेपारधी आता हीच नजर तणमोर आणि त्याची गवताळ रानं राखायला वापरतात. कोणतं पाखरू कुठल्या गवतात दडतं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

गाईची युक्तीही मेलेली नाही. कुठल्याही अभयारण्यात जिप्सीत बसून जा. गाडी रस्त्यात उभी राहिली तरी चितळ मान वर करून बघतं आणि पुन्हा चरू लागतं. रोज दिसणाऱ्या त्या गाडीची त्याला भीती नसते. तुम्ही पाय खाली टाकला की मात्र कळप उधळतो. वाटाड्या 'खाली उतरू नका' म्हणतो, ते यासाठीही. आपण अजून गाईच्या आडच उभे आहोत, हातात फासाऐवजी कॅमेरा आहे एवढंच.