लिस्बन किती लांब?

दाबोळी ते लिस्बन हे हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे ८,३०० कि.मी. भरते. ताशी साडेआठशे कि.मी. वेगाच्या जेट विमानाला हा साधारण दहा तासांचा पल्ला. पण मंडळी, हा आकडा मी इतिहासाशी ताडून पाहतो, तेव्हा तो दर वेळी वेगळाच दिसतो.

वास्को द गामा ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघाला आणि आफ्रिकेला वळसा घालून २० मे १४९८ रोजी कालिकतजवळ पोचला. दिवस मोजले तर ३१६! पुढे १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि आफ्रिकेचा वळसा चुकला.

दाबोळी म्हटले की आपल्याला नौदल आठवते. पण ही धावपट्टी पोर्तुगीज अमदानीतली, आणि तिच्यामागे कारण होते नाकेबंदीचे. भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, रेल्वे बंद झाली, आणि १९५५ साली दाबोळीचा विमानतळ सुरू झाला. त्याच वर्षी 'तैप' ही विमान कंपनीही निघाली. तिची विमाने भारताची हद्द टाळून समुद्रावरून दमण, दीव आणि कराचीला जात. कराची इथून साडेबाराशे कि.मी.च्या आसपास. दीडशे कि.मी.च्या आतले बेळगाव मात्र परवान्यांच्या कचाट्यात सापडलेले! सोयरेधायरे घाटापलीकडे आणि विमान कराचीला, अशी त्या काळची तऱ्हा.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तरीही त्या रात्री शाबूत राहिलेल्या भागावरून दोन पोर्तुगीज विमाने उडाली आणि कराचीला पोचली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला.

पण याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला आपला एक माणूस अडकून पडला होता. मूळचे सांगलीचे मोहन रानडे मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात आले आणि मुक्तिलढ्यात उतरले. १९५५ साली ते पकडले गेले. त्यांना लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात नेऊन ठेवले. गोवा सुटला, रानडे सुटले नाहीत. भारत-पोर्तुगाल संबंध तुटलेले; ते पुन्हा जुळायला १९७४चा डिसेंबर उजाडावा लागला. सुधीर फडके यांच्यासारख्यांनी रानड्यांच्या सुटकेसाठी जिवाचे रान केले. शेवटी जानेवारी १९६९ मध्ये ते बाहेर आले. मुक्तीनंतरची सात वर्षे त्यांनी परक्या देशाच्या कोठडीत काढली.

आज मोपा आणि दाबोळी असे दोन विमानतळ आपल्या दाराशी आहेत. वाटेत विमान बदलावे लागले तरी लिस्बनची वाट दिवसाभराची. तिकीट काढणाऱ्या आपल्या मुलांना वास्को द गामाचे ३१६ दिवस शाळेत शिकवले जातात. रानड्यांची ही सात वर्षेही त्यांना कोणीतरी सांगायला हवीत. त्यांचे 'सतीचे वाण' घरात असेल तर जरूर काढून त्यांच्या हाती द्या.