चिनी स्थलांतरितांच्या वस्त्यांतील प्राणी-अवशेष

एकोणिसाव्या शतकात चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलेल्या मजूर, दुकानदार व मच्छीमारांच्या वस्त्यांत उत्खननातून मिळालेली हाडे, काटे व शंख-शिंपले. या लोकांनी स्वतः लिहिलेले फारसे उरलेले नाही आणि इतरांनी त्यांच्याविषयी लिहिलेल्या मजकुरात द्वेषाचा भाग मोठा आहे. म्हणून त्यांच्या कचऱ्याच्या खड्ड्यांची साक्ष मोलाची ठरते. परमुलखातही गावाकडचेच जेवण टिकवण्याची ओढ, असा तिचा रूढ अर्थ लावला जातो. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. चिनी म्हणून ताटात येणारे अन्नही पुष्कळदा चीनबाहेरचे होते. कोणती मासळी कोठून यायची हे खाणाऱ्याच्या आठवणीइतकेच हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांच्या जाळ्याने ठरवले.

कॅलिफोर्नियातील सान होजे शहराच्या मार्केट स्ट्रीटवरील चिनी वस्ती मे १८८७मध्ये लावलेल्या आगीत जळाली. सुमारे शंभर वर्षांनी त्या जागी नवे बांधकाम निघाले, तेव्हा तिचे अवशेष उजेडात आले. अशा शहरी वस्त्यांत डुकराची हाडे भरपूर सापडतात. त्यांच्यावर चिनी सत्तुराचे घाव दिसतात, तसे पाश्चात्त्य खाटकाच्या करवतीचे सरळ कापही दिसतात. म्हणजे आवड जुनी असली तरी मांस स्थानिक बाजारातलेही होते. मासळीची गोष्ट याहून लांबची आहे. मार्केट स्ट्रीटच्या अवशेषांत आपल्याकडील मरळीच्या कुळातला एक मोठा मासा आढळला आणि डीएनए तपासणीने त्याची जात पक्की झाली: चॅना मायक्रोपेल्टिस. हा गोड्या पाण्यातला मासा मूळचा मेकाँगच्या खोऱ्यातला व मलाया, सुमात्रा, बोर्निओकडचा. तो ना कॅलिफोर्नियाचा, ना ग्वांगदोंगचा. अन्य चिनी वस्त्यांत माकुळाच्या पाठीतली पांढरी, हलकी ढाल, म्हणजेच समुद्रफेन मिळतो. हे माकूल अमेरिकेच्या कोणत्याच किनाऱ्यावर आढळत नाही. त्यामुळे तो सुकवलेल्या मालाबरोबर पॅसिफिक ओलांडून आला, हाच अर्थ सरळ आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की मूठभर काट्यांवरून व्यापाराचे चित्र रंगवता येत नाही. व्यापार किती होता हे सांगण्यास काटे अपुरे आहेत, हे खरे. माल कोठून आला हे सांगण्यास मात्र एक काटाही पुरतो, कारण ज्या पाण्यात ती जात नाही तेथे तो आपोआप उगवत नाही. दुसरा आक्षेप असा, की आग्नेय आशियातला मासा आधी दक्षिण चीनच्या बाजारात रुळला असेल आणि मजुराने तो चिनी समजूनच खाल्ला असेल. तसे असेल तर मूळ मुद्दा अधिकच पक्का होतो: गावाकडची चव मुळातच समुद्रव्यापारात घडली होती. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. टोफू मागे हाड ठेवत नाही, सुकटीचे कवच मातीत टिकत नाही, आणि जाड जाळीच्या चाळणीतून बारीक काटे निसटतात. म्हणून अवशेषांवरून संपूर्ण जेवण मांडू नये. काय होते हे ते सांगतात. काय नव्हते हे त्यांच्यावरून ठरवता येत नाही.

माल एकाच दिशेने वाहत नव्हता. कॅलिफोर्नियाच्या चॅनल बेटांवर काळ्या अ‍ॅबलोनीच्या, म्हणजे बशीसारख्या पाठीच्या समुद्री गोगलगायीच्या, शंखांचे ढीग चिनी मच्छीमारांच्या तळांवर पडलेले आहेत. मांस काढून सुकवले जाई व त्यातले बरेच चीनकडे रवाना होई. म्हणजे सान होजेच्या खड्ड्यातले काटे आयातीची, तर बेटांवरचे रिकामे शंख निर्यातीची साक्ष देतात. या अ‍ॅबलोनी मुबलक होण्याचे कारणही व्यापारातलेच: त्यांना खाणारी समुद्री ऊदमांजरे फरसाठी आधीच मारली गेली होती आणि त्या फरची मोठी बाजारपेठ ग्वांगदोंगमधले कँटन बंदरच होते. १८८२च्या चिनी प्रवेशबंदी कायद्याने नव्या मजुरांना दार बंद केले, पण सान होजेतल्या घरांत ज्या समुद्रापारचा मासा शिजत होता, त्याच समुद्रावरून बेटांवरचे मांस उलट जात होते. या वस्त्यांना एकाकी, बंदिस्त मोहल्ले म्हणणाऱ्या वर्णनाला त्यांच्याच उकिरड्याने दिलेले हे उत्तर आहे.