रूढीजमिनीच्या भाडेपट्ट्यांचे वाद (पापुआ न्यू गिनी)

पापुआ न्यू गिनीत कुलगटांच्या जमिनींवर सरकारमार्फत दिलेले दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे आणि त्यांच्या वैधतेवरून झालेले खटले. देशातील सुमारे 97 टक्के जमीन रूढीजमीन आहे, असा आकडा वर्षानुवर्षे दिला जातो. तिची मालकी कुलगटाकडे असते. सातबाऱ्यासारखा उतारा नसतो. ओढा, जुने झाड, पूर्वजांची वस्ती यांवरून हद्द सांगितली जाते. परदेशी कंपनीला ही जमीन कुलगटाकडून थेट घेता येत नाही.

यातून काढलेली पळवाट म्हणजे दुहेरी पट्टा. 1979 पासून रूढ झालेली ही पद्धत 1996 च्या जमीन कायद्याच्या कलम 11 व 102 मध्ये आली. कुलगट आपली जमीन सरकारला भाड्याने देई आणि सरकार तीच जमीन ‘विशेष शेती व व्यवसाय भाडेपट्ट्या’ने, जास्तीत जास्त 99 वर्षांसाठी, मालकांना मान्य असलेल्या व्यक्तीला वा संस्थेला परत देई. गावकऱ्यांना बँकेचे कर्ज मिळावे हा मूळ हेतू. प्रत्यक्षात पट्टा चार-दोन पुढाऱ्यांनी काढलेल्या ‘जमीनमालक कंपनी’च्या नावे होई आणि पोटपट्ट्याने तो पामतेल वा लाकूडतोड कंपनीकडे जाई. 2011 पर्यंत अशा पट्ट्यांखाली 50 लाख हेक्टरांहून अधिक जमीन गेली होती. अख्ख्या केरळाहून हे क्षेत्र मोठे आहे.

सही करणारे खरे मालक होते का, हा अशा खटल्यांतला कळीचा प्रश्न. शेजारचा कुलगट, कधी त्याच कुलगटातली दुसरी शाखा, आपली वेगळी कंपनी घेऊन उभी राहते. गुंता न्यायव्यवस्थेमुळेही वाढतो. रूढीने मालक कोण, हे 1975 च्या जमीनतंटा कायद्याखालील मध्यस्थ आणि स्थानिक जमीन न्यायालये ठरवतात. पट्टा कायदेशीर आहे की नाही, हे राष्ट्रीय न्यायालय. नोंदणीकृत हक्क फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज अबाधित राहतो, असे ‘मज’ खटल्यात (1985) ठरले. एमास इस्टेट खटल्याने (1993) ही भिंत सैल केली: गंभीर बेकायदा प्रक्रियाही फसवणुकीसमान धरता येऊ लागली. पुढे गावकऱ्यांच्या वकिलांना या निकालाचा मोठा आधार मिळाला.

ओरो प्रांतातील कॉलिंगवुड उपसागराची कहाणी या वादांचा चिवटपणा दाखवते. झाडाच्या सालीपासून केलेल्या ‘तापा’ कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या मायसिन लोकांनी तिथला एक पट्टा 2002 मध्ये न्यायालयातून रद्द करून घेतला. दहा वर्षांनी त्याच भागात सुमारे 38,000 हेक्टरांचे नवे पट्टे निघाले. पुन्हा खटला, आणि 2014 मध्ये तेही रद्द. त्याच वर्षी पूर्व सेपिक प्रांतातील तुरुबू येथील लाखाहून अधिक हेक्टरांचा पट्टा मालकांच्या पुरेशा संमतीअभावी न्यायालयाने मोडीत काढला.

2011 मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगापुढे 75 पट्टे होते. 2013 मध्ये संसदेत आलेल्या अहवालांत त्यांपैकी 42 पट्ट्यांचा निवाडा होता आणि मालकांची खरी संमती फक्त चारांतच आढळली. आयोगाच्या तीन आयुक्तांपैकी तिसऱ्याचा अहवाल आलाच नाही. तत्कालीन पंतप्रधान पीटर ओ’नील यांनी बेकायदा पट्टे रद्द करण्याची घोषणा केली, तीही एकदाच नव्हे. तरी अनेक गावांना स्वतःच न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्याआधी, कायद्यातील 2009 च्या दुरुस्तीने कुलगटांच्या नोंदणीसाठी सभासदांचे जन्मदाखले आणि जमिनीचा नकाशा सक्तीचा केला. एका माणसाला दोन गटांत नाव घालण्यासही मनाई झाली.