पंख्याचा खटका कोणाच्या हाती? एक्सबॉक्स ३६० आणि एका छोट्या स्विचचा इतिहास

१/१३
आपल्या घरातील छताच्या पंख्याला भिंतीवर रेग्युलेटर असतो. उकडले की पाचावर, गारवा वाटला की एकावर, निर्णय आपला. गेमिंग कन्सोलमध्येही पंखा असतो, पण रेग्युलेटर नसतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत असंख्य खेळाडूंनी आपापली यंत्रे उघडून तो स्वतःच बसवला. त्या खटक्यामागे एक औद्योगिक अपयश आणि मालकीहक्काचा एक जुना वाद उभा आहे. मित्रहो, आजचा धागा त्याविषयी.

२/१३
आधी थोडी पूर्वपीठिका. निन्टेन्डोच्या फॅमिकॉममध्ये (१९८३) पंखा नव्हता. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनमध्येही (१९९४) नव्हता. चिपा कमी वीज खात, उष्णता कवचाच्या फटींतून निघून जाई. नि:शब्द यंत्र हे त्या काळी प्रतिष्ठेचे लक्षण होते. या आग्रहाची किंमत संगणकक्षेत्राने आधीच मोजली होती. १९८०चा ॲपल ३ हा संगणक पंख्याविना बनवला गेला. तापमानाने त्यातील चिपा खोबणीतून सैल होत आणि त्यावर सांगितला जाणारा उपाय असा, की यंत्र काही इंच उचलावे आणि टेबलावर सोडून द्यावे!

३/१३
पहिल्या प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या प्रतींमध्ये तबकडी वाचणारा भाग वीजपुरवठ्याच्या जवळ होता. उष्णता आणि झीज यांमुळे तो बिघडू लागला, की लोक यंत्र चक्क उलटे ठेवून खेळत. हा उपाय कोणत्याही माहितीपुस्तिकेत नव्हता. तो एकाने दुसऱ्याला सांगितला आणि पसरला. अशा उपायांना मी ‘यंत्रांचा आजीबाईचा बटवा’ म्हणतो. इतिहासाच्या अभ्यासकाने या बटव्याकडे गंभीरपणे पाहायला हवे, कारण कारखान्याच्या दप्तरात न उमटलेले वास्तव त्यात सापडते.

४/१३
शतक पालटताना चित्र बदलले. सेगाचा ड्रीमकास्ट (१९९८), प्लेस्टेशन २ (२०००), मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स (२००१) या सर्वांच्या पोटात पंखा आला. त्याबरोबर एक नवा प्रश्नही आला : पंख्याचा वेग ठरवायचा कोणी? पुढे उत्तर असे रूढ झाले, की यंत्रातील नियंत्रक चिप तापमान मोजेल आणि त्यानुसार पंख्याला कमी-अधिक व्होल्ट देईल. वापरणाऱ्याला त्यात स्थान नव्हते.

५/१३
कंपन्या पंखा नेहमीच जोरात का फिरवत नाहीत? येथे भौतिकशास्त्राचा एक साधा हिशेब आहे. वेग दुप्पट केला, की हवेचा प्रवाह दुप्पट होतो. पण लागणारी वीज आठपट होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. म्हणजे थोड्या जादा थंडाव्यासाठी दिवाणखान्यात भलताच घोंघाट. त्यामुळे प्रत्येक कंपनी शांतता आणि थंडावा यांच्यात कोठे तरी रेघ ओढते. ती रेघ चुकली तर काय होते, हे एक्सबॉक्स ३६०ने दाखवले.

६/१३
२२ नोव्हेंबर २००५ रोजी हा कन्सोल अमेरिकेत विक्रीस आला. ३.२ गिगाहर्ट्झचा तीन गाभ्यांचा प्रोसेसर, स्वतंत्र ग्राफिक्स चिप आणि हे सारे एका सडपातळ कवचात. ग्राफिक्स चिपच्या बरोबर वर डीव्हीडी ड्राइव्ह बसवलेला होता. त्यामुळे त्या चिपवरील हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा, फारच बुटका ठेवावा लागला. शेजारच्या प्रोसेसरला मात्र उंच हीटसिंक मिळाला. बाह्यरूपाने अंतरंगावर केलेली ही कुरघोडी होती.

७/१३
लवकरच तक्रारी येऊ लागल्या. यंत्र बंद पडे आणि पुढच्या बटणाभोवतीच्या वलयाचे चारपैकी तीन भाग लाल लुकलुकत. खेळाडूंनी याला ‘रेड रिंग ऑफ डेथ’ असे नाव दिले. याच सुमारास उद्योगजगत शिसेविरहित सोल्डरकडे वळत होते. युरोपीय संघाचा तसा निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू झाला. तापून-निवून नवे सोल्डर तडकते, हा तर्क सर्वत्र पसरला. कंपनी कारणाविषयी मौन बाळगून होती आणि जिथे अधिकृत स्पष्टीकरण नसते, तिथे लोक स्वतःचे स्पष्टीकरण रचतात.

८/१३
मग बटवा उघडला. कोणी यंत्र टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवे. तुटलेले जोड क्षणभर जुळून ते काही काळ चालेही. कोणी हीटसिंक धरून ठेवणारी इंग्रजी एक्सच्या आकाराची पट्टी काढून तेथे स्क्रू-वॉशर लावी. बाजारात मागच्या बाजूला अडकवायचे नायको इंटरकूलरसारखे जोडपंखेही आले. एकाच आजारावर कोणी शेक देत होते, तर कोणी बर्फ! या सर्व उपायांत सर्वांत विचारपूर्वक केलेला उपाय म्हणजे पंख्याचा खटका.

९/१३
त्याची रचना अशी : यंत्रातील पंखा कमाल १२ व्होल्टवर चालू शकतो, पण नियंत्रक त्याला बहुतेक वेळ त्याहून कमी व्होल्ट देतो. पंख्याची वीज आणणारी तार कापायची आणि पंख्याकडील टोक दोन बाजूंना वळणाऱ्या छोट्या स्विचच्या मधल्या पिनेला जोडायचे. एका बाजूस मूळ नियंत्रित तार, दुसऱ्या बाजूस यंत्रातीलच थेट १२ व्होल्टची तार. खटका इकडे, तर कंपनीचा निर्णय. खटका तिकडे, तर आपला. मात्र मध्ये ‘बंद’ अशी तिसरी स्थिती असलेला स्विच चुकून निवडला, तर पंखाच थांबण्याचा धोका.

१०/१३
खरा पेच तांत्रिक नव्हता. कवच उघडण्यासाठी मोहर फोडावी लागे आणि मोहर फुटली, की वॉरंटी गेली असे धरले जाई. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने लाल वलयासाठीची वॉरंटी खरेदीपासून तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी १०५ ते ११५ कोटी डॉलरचा बोजा हिशेबात दाखवला. आता खेळाडूपुढे दोनच वाटा होत्या. यंत्र मरण्याची वाट पाहून ते दुरुस्तीस पाठवायचे, किंवा ते मरू नये म्हणून उघडायचे आणि मोफत दुरुस्तीवर पाणी सोडायचे. म्हणजे जो आधी काळजी घेईल, तोच संरक्षण गमावेल!

११/१३
मग हा खटका उपयोगी होता का? २०२१च्या ‘पॉवर ऑन’ या एक्सबॉक्सवरील माहितीपटात मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी कारण सांगितले : यंत्र वारंवार चालू-बंद होताना तापमानात होणाऱ्या चढउताराने सुट्या भागांच्या आतील जोड तुटत होते. म्हणजे रोग निव्वळ उष्णतेचा नव्हता, चढउताराचा होता. जोरदार पंखा तापमानाचे शिखर खाली आणतो, त्यामुळे चढउतार थोडा आटोक्यात येतो. पण आत तुटलेला जोड तो सांधू शकत नाही. लोकांचे निदान अर्धे बरोबर होते, आणि बंद कवचाबाहेरून केलेले निदान म्हणून ते कमी नव्हे.

१२/१३
कंपनीने शेवटी काय केले? चिपा लहान व कमी वीज खाणाऱ्या केल्या, ग्राफिक्स चिपचा हीटसिंक सुधारला आणि २०१० च्या नव्या आवृत्तीत प्रोसेसर व ग्राफिक्स एकाच चिपमध्ये आणून त्यावर एक मोठा पंखा बसवला. मोठे पाते हळू फिरूनही पुरेशी हवा देते, म्हणून आवाजही घटला. थंडाव्याची जी मागणी खेळाडू आपल्या खटक्यातून करत होते, ती अखेर कारखान्यातच मान्य झाली.

१३/१३
मोहरेचा वाद मात्र पुढे चालत राहिला. अमेरिकेत १९७५ पासून वॉरंटीविषयक मॅग्नसन-मॉस कायदा आहे. त्याच्या आधारे एप्रिल २०१८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना इशारापत्रे धाडली. त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या तिघीही होत्या. निव्वळ मोहर फुटली म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, असा त्याचा आशय. विकत घेतलेली वस्तू उघडण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न संसदेत आणि न्यायालयात पोहोचण्याच्या कितीतरी आधी सोल्डरिंग गनच्या टोकावर विचारला गेला होता.
तुमच्या घरी यंत्रांचा असा कोणता ‘आजीबाईचा बटवा’ चालत आला आहे? खाली अवश्य लिहा. इतिहासाची साधने अशीच जमतात.